शेवरोलेची टाकी केबिनबाहेर नेताना

ज्या पिकअप ट्रकविषयी हे लिहीत आहे, तो १९५१ सालचा शेवरोले ३१०० आहे. १९४७ साली आलेल्या या मालिकेत पेट्रोलची टाकी सुरुवातीला हौद्याखाली होती. १९४९ पासून कंपनीने ती केबिनमध्ये, बाकाच्या पाठीमागे उभी बसवायला सुरुवात केली. म्हणजे चालकाची पाठ आणि पेट्रोल यांच्यामध्ये बाकाची गादी आणि टाकीचा पत्रा एवढेच काय ते असते. त्या काळात यात कोणाला वावगे वाटले नसावे. आमचे वाहन मुंबईतील शिवडीच्या कारखान्यात जुळवलेले आहे. जनरल मोटर्सने तो कारखाना १९२८ साली सुरू केला आणि १९५४ साली बंद केला. आजोबांनी गाडी घेतली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे तिची पहिली कागदपत्रे मुंबई राज्याची, नंतरची म्हैसूर राज्याची आणि आताची कर्नाटकाची आहेत. पुष्कळ वर्षे ती बेळगावच्या बाजारात बटाटा आणि भाजीपाला वाहत असे. आता ती घरचे जुने वाहन म्हणून सांभाळली जाते आणि महिन्यातून काही वेळा रस्त्यावर येते.

केबिनमध्ये पेट्रोलचा वास येणे ही या गाडीची जुनी खोड होती आणि घरात ती सर्वांनी मान्य करून टाकली होती. टाकीच्या खालच्या शिवणीवर जुन्या मिस्त्रींनी ठिकठिकाणी डाग दिलेले होते आणि नळीच्या जोडावर पाझर दिसला की साबणाची वडी घासून तो बंद करण्याची वाटेवरची युक्तीही तिच्यावर अनेकदा वापरली गेली होती. निव्वळ पेट्रोलमध्ये साबण सहसा विरघळत नाही, म्हणून ही युक्ती पूर्वी चालून जात असे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ती टिकत नाही. गेल्या काही वर्षांत वास वाढत गेला, पंपाच्या काचेच्या वाटीत तपकिरी गाळ दिसू लागला आणि दर पावसाळ्यानंतर इंजिन सुरू करताना त्रास होऊ लागला, त्याची मुळेही पेट्रोलच्या या बदललेल्या स्वरूपात होती.

हा बदल आमच्या भागाला परका नाही. कर्नाटकात सर्वाधिक साखर कारखाने बेळगाव जिल्ह्यात आहेत. चिकोडी, हुक्केरी, अथणी या बाजूच्या रस्त्यांवर हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी हाकावी लागते आणि त्या उसापासून निघणाऱ्या मळीचे व रसाचे इथेनॉल शेवटी पेट्रोल पंपावर येते. २०२२ च्या जूनमध्ये देशाने सरासरी १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले, फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरू येथे २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलचे उद्घाटन झाले आणि आता आमच्याकडे सर्वसाधारण पंपावर तेच मिळते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मला त्यात तक्रार नाही. आमच्या नात्यातही ऊस लावणारे आहेत. मात्र १९५१ साली ज्यांनी ही टाकी, तिच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि फ्लोटचे बूच ठरवले, त्यांच्यासमोर हे इंधन नव्हते.

इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी मिश्रणात विरघळलेले राहते. मर्यादा ओलांडली किंवा तापमान उतरले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन वेगळा थर धरतात आणि तो थर जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमका शोषनळीच्या तोंडाशी बसतो. उभ्या गाडीच्या अर्ध्या भरलेल्या टाकीत दिवसा हवा तापून बाहेर जाते आणि रात्री दमट हवा आत येते. खानापूर–कणकुंबीकडचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना जुलै-ऑगस्टमध्ये या हवेत किती पाणी असते हे सांगण्याची गरज नाही. त्या काळच्या टाक्यांच्या पत्र्यावर शिसे-कथिलाचा मुलामा असे. हा पाणीदार थर त्या मुलाम्याला आणि त्याखालच्या लोखंडाला खातो, जुने रबर फुगवून मऊ करतो आणि वर्षानुवर्षे साचलेला डिंकासारखा थर सैल करून पुढे ढकलतो.

पर्याय तीन होते. जुनी टाकी साफ करून आतून लेप देणे हा सर्वांत स्वस्त मार्ग; पण जुन्या डागांवर आणि गंजावर लेप नीट धरत नाही आणि तो सुटला तर त्याचे पापुद्रे थेट नळीत जातात. शिवाय टाकी केबिनमध्येच राहते, म्हणजे मूळ भीती तशीच. दुसरा मार्ग परदेशातून या मॉडेलसाठी मिळणारी हौद्याखालची तयार टाकी मागवण्याचा. त्या टाक्या चांगल्या असतात, पण वाहतूक आणि सीमाशुल्क धरून हिशेब केल्यावर तो विचार मी सोडून दिला. तिसरा मार्ग म्हणजे मागच्या आसाच्या पाठीमागे, चासीच्या दोन रेल्समध्ये जिथे स्टेपनी टांगलेली असते, तिथे मावेल अशी स्टेनलेस स्टीलची टाकी बेळगावातच बनवून घेणे. आसाच्या पुढे जागा अधिक सुरक्षित ठरली असती, परंतु या गाडीचा मागच्या चाकांना शक्ती पोहोचवणारा प्रॉपेलर शाफ्ट बंद नळीत असून ती नळी मधोमध जाते, त्यामुळे तिथे समाधानकारक आकाराची टाकी बसत नाही.

कामाला हात लावण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहिली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलात मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत. शिवाय २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आणली आहे. तिचे शुल्क नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि नूतनीकरणासाठी ५,००० रुपये असून चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी तिची अट आहे. पुढे त्या नोंदणीत जाण्याचा विचार असल्यामुळे मी एक नियम घालून घेतला: चासीला एकही नवे छिद्र पाडायचे नाही, तिच्यावर वेल्डिंग करायचे नाही, बॉडीचा पत्रा कापायचा नाही आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवायचा. टाकीचे रेखाचित्र, आधीची व नंतरची छायाचित्रे यांची फाईल केली आणि फेरफाराचा अर्ज त्यासह दिला. पुढच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयावर या नियमाची छाया आहे.

जुनी टाकी रिकामी करण्याचे काम मी गॅरेजमध्ये होऊ दिले नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि गाडीखाली काम करण्याच्या खड्ड्यात साचून राहते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले तरी ठिणगी पुरते. पेट घेण्याइतकी वाफ पेट्रोलमधून उणे ४० अंशांच्या आसपासही निघत असल्यामुळे सकाळच्या गारव्याचा भरवसा धरण्यात अर्थ नाही. म्हणून गाडी अंगणात उघड्यावर ढकलून आणली, बॅटरी आधी सोडून घराच्या ओसरीवर नेऊन ठेवली, वाळूच्या बादल्या जवळ ठेवल्या आणि पेट्रोल झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये काढले. शेजारच्या काकांनी उत्सुकतेपोटी विडी पेटवून फाटकाशी यावे आणि त्यांना तिथूनच परत पाठवावे लागावे, हे गावाकडच्या पद्धतीप्रमाणे घडलेच.

बाक काढल्यावर टाकी सोडवणे सोपे गेले. तळाशी जाड तपकिरी चिखल होता आणि शोषनळीच्या टोकावरची जाळी जवळजवळ बुजलेली होती. गेजच्या दांड्यावरचा बुचाचा फ्लोट वरचा वार्निशचा थर गेल्याने पेट्रोल पिऊन जड झाला होता, म्हणजे काटा खरे सांगत नव्हता यात आश्चर्य नव्हते. ती टाकी धुऊन, वाळवून, आतून तेल फिरवून माळ्यावर ठेवली आहे. जुन्या टाकीला वेल्डिंगची ज्योत लावू देऊ नये, हे इथे मुद्दाम नोंदवतो. धुतलेल्या टाकीच्या शिवणीतही पेट्रोल राहते आणि अशा टाक्या फुटून माणसे गेल्याच्या गोष्टी गॅरेज असलेल्या प्रत्येक गावात ऐकायला मिळतात.

नव्या टाकीचे माप ठरवताना आधी पुठ्ठ्याची प्रतिकृती करून ती रेल्समध्ये बसवून पाहिली. ६० सेंटिमीटर लांब, ३५ सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच हे माप सर्व बाजूंनी मोकळीक ठेवून बसले. त्याचे घनफळ साडेबावन्न लिटर होते. पैकी सुमारे ४७ लिटरच भरले जातील अशा बेताने भरणनळीचे तोंड आत थोडे खाली उतरवले आणि वर हवेची जागा राखली. हे आवश्यक असते, कारण पेट्रोल तापले की फुगते. २० अंशांच्या वाढीला ४७ लिटरांत जवळपास एक लिटर भर पडते. पहाटे पंपावर गळ्यापर्यंत भरलेली टाकी दुपारी उन्हात उभी राहिली की गळते, त्याचे कारण हेच.

पत्रा ३०४ प्रतीच्या स्टेनलेसचा, १.६ मिलिमीटर जाडीचा घेतला आणि शिवणी आर्गन वेल्डिंगने करवून घेतल्या. आत दोन आडव्या भिंती आहेत. त्यांचे खालचे कोपरे कापलेले आणि मध्ये छिद्रे आहेत, जेणेकरून ब्रेक लावल्यावर पेट्रोलची लाट एकदम पुढे धावू नये, पण तळाशी ते एका कप्प्यातून दुसऱ्यात जात राहावे. मधल्या कप्प्याच्या तळाला उथळ खळगा आणि त्याला बाहेरून उघडता येणारा ड्रेन प्लग ठेवला. शोषनळीचे तोंड त्या खळग्याच्या वर बोटभर अंतरावर थांबते. शोषनळी मधल्या कप्प्यात ठेवण्यामागे घाट आहेत: चढावर पेट्रोल मागे सरकते, उतारावर पुढे येते आणि मधल्या कप्प्यात ते दोन्ही वेळा राहते. वेल्डिंगवाल्याला आतल्या भिंतींचा त्रास वाटत होता आणि त्या गाळाव्यात असे त्याचे मत होते. माझ्या आग्रहाखातर त्याने त्या घातल्या आणि कामही नीटस केले.

गळती तपासण्यासाठी कॉम्प्रेसरची हवा वापरायची नाही, हे आधीच ठरले होते. सपाट पत्र्याच्या टाकीवर किती थोड्या दाबाने किती जोर येतो याचा अंदाज सहसा नसतो. ६० गुणिले ३५ सेंटिमीटरच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला ०.२ किलो एवढाच दाब दिला तरी एकूण जोर ४२० किलो होतो आणि हवेने भरलेली टाकी त्या जोराखाली उसवली तर इजा होते. त्याऐवजी टाकी पाण्याने काठोकाठ भरली, सर्व तोंडे बंद केली आणि एका तोंडाला पारदर्शक नळी जोडून तिच्यातले पाणी टाकीच्या माथ्यापासून दोन मीटर उंचीवर ठेवले. दोन मीटर पाण्याचा दाब बरोबर तेवढाच, ०.२ किलो, भरतो आणि शिवण उसवली तरी फक्त पाणी सांडते. रात्रभर पातळी हलली नाही. त्यानंतर टाकी वाळवण्यासाठी ड्रेन प्लग उघडून ती उन्हात ठेवली आणि वरून कोमट हवा फिरवली. ओली टाकी बसवून तिच्यात इथेनॉलचे पेट्रोल ओतण्याला काही अर्थ नव्हता.

टाकी दोन पोलादी पट्ट्यांवर टांगली आहे आणि पट्टे स्टेपनीच्या मूळ टांगणीच्या छिद्रांतच बोल्टने धरले आहेत. पट्टा आणि स्टेनलेस यांच्यामध्ये निओप्रीनच्या पट्ट्या घातल्या. गोणपाट किंवा स्पंजासारखे पाणी धरून ठेवणारे काही तिथे असू नये. हौद्याच्या मूळ फळ्या केव्हाच कुजल्या होत्या आणि वडिलांच्या काळात त्या जागी खानापूरकडच्या किंदळाच्या फळ्या घातलेल्या होत्या, त्यामुळे भरणनळीचे तोंड काढण्यासाठी मूळ भागाला धक्का लागला नाही. एका फळीत बिजागरीचे लहान झाकण केले आणि त्याखाली तोंड आणले. भरणनळी आणि टाकी यांच्यामध्ये रबरी होज असल्यामुळे तोंडाचा धातू गाडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेला राहतो, म्हणून तिथून चासीपर्यंत वेगळी तार जोडली. पेट्रोल ओतताना तयार होणाऱ्या स्थिर विजेला वाट मिळणे महत्त्वाचे असते. स्टेपनी आता हौद्यात डाव्या बाजूला उभी असते, त्याने थोडी जागा गेली.

केबिनच्या बाजूला असलेले पेट्रोल भरण्याचे मूळ तोंड नियमाप्रमाणे जागेवरच ठेवले आहे. पंपावरचा मुलगा मात्र सवयीने तेच झाकण उघडतो. त्याच्या मागे आता टाकीच नसल्यामुळे पेट्रोल सरळ केबिनमध्ये सांडले असते. त्यामुळे तोंडाच्या आत धातूची भरीव बुची आट्यांनी बसवली आणि झाकणाला कुलूप घातले. एवढे करूनही पंपावर मी खाली उतरून स्वतः हौद्याचे झाकण उघडतो.

खरा विचार नळ्यांना लागला. आमच्याकडच्या गॅरेजमध्ये पेट्रोलच्या नळीसाठी पहिली सूचना तांब्याच्या नळीची येते, कारण ती हाताने वळते आणि फेरूल लावून कुठेही जोडता येते. पण तांबे कंपनाने कडक होत जाते आणि जोडाजवळ चिरते. शिवाय तांब्याच्या सान्निध्यात पेट्रोल लवकर खराब होऊन त्यात डिंक धरतो. पूर्वीच्या मिस्त्रींनी या गाडीत तीन वेगवेगळ्या धातूंच्या तुकड्यांची नळी केली होती आणि प्रत्येक जोड पाझराची जागा होती. मी टाकीपासून पंपापर्यंतची, सुमारे साडेतीन मीटरांची नळी एकसंध हवी असे ठरवले.

इथे बेळगावचा फायदा झाला. उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर आणि पॉवर पॅक तयार करणारे अनेक लहानमोठे कारखाने आहेत आणि त्यांच्याकडे स्टेनलेसच्या अखंड नळ्या वळवण्याची, टोके फुलवण्याची अवजारे व सवय दोन्ही असते. मूळ नळी बाहेरून ५/१६ इंच व्यासाची होती, म्हणजे ७.९४ मिलिमीटर, तिच्या जागी ८ मिलिमीटरची, १ मिलिमीटर जाडीची ३०४ स्टेनलेसची नळी घेतली. आतला व्यास ६ मिलिमीटर राहतो. तो पुरेल का, हे मोजून पाहिले. सुमारे नव्वद अश्वशक्तीचे हे इंजिन पूर्ण जोरात तासाला तीस लिटरांच्या आसपास पेट्रोल मागेल, तेव्हाही त्या नळीत प्रवाहाचा वेग सेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटरच राहतो. प्रत्यक्षात ही गाडी पूर्ण जोरात कोणी चालवत नाही.

गाडीच्या मूळ जोडांमध्ये नळीचे टोक ४५ अंशांवर, दुहेरी दुमडून फुलवलेले असते. कारागिराने नळी हातात घेऊन लगेच सांगितले, "डबल फ्लेअर ह्येला जमत न्हाई ओ, फुटतंय बघा." स्टेनलेस कडक असल्यामुळे दुहेरी दुमड घालताना ते खरोखरच चिरते. हायड्रॉलिकच्या कामात त्याऐवजी ३७ अंशांची एकेरी फ्लेअर आणि तिच्यामागे आधाराला स्लीव्ह व नट वापरतात. गोम अशी आहे की या मापात दोन्ही पद्धतींच्या जोडांचे आटे एकच आहेत, अर्धा इंच व्यास आणि इंचाला वीस. नट बिनतक्रार चढतो, घट्टही होतो, पण ३७ अंशांचे टोक ४५ अंशांच्या बैठकीवर फक्त एका बारीक रेषेत टेकते आणि काही दिवसांत पाझरू लागते. दुकानातही दोन्ही जोड एकाच खणात पडलेले असतात. म्हणून पंपाच्या तोंडातला जुना जोड पूर्ण काढून, त्याच्या आट्यांत बसणारा परंतु बाहेरच्या टोकाला ३७ अंशांची बैठक असलेला पितळी जोड टर्नरकडून करून घेतला आणि गाडीत यापुढे मिश्र पद्धत राहू दिली नाही. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा छोटा तुकडाही याच पद्धतीने केला. या इंजिनात पंप एका बाजूला आणि कार्बोरेटर दुसऱ्या बाजूला असल्याने तो तुकडा इंजिनाच्या पुढून वळसा घेतो. त्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर ठेवणे आवश्यक होते.

फ्लेअरच्या जोडांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळण्याची सवय सार्वत्रिक आहे. तिथे पाणी-पेट्रोल आट्यांवर अडत नाही, बैठकीवर अडते. त्यामुळे टेपचा उपयोग शून्य आणि तिचे धागे सुटून कार्बोरेटरच्या सुईखाली अडकण्याची शक्यता मात्र राहते. निमुळत्या आट्यांच्या जोडावर पेट्रोलला टिकणारा द्रव सीलंट बोटाच्या टोकाएवढा लावला, बाकी सर्व जोड कोरडे ठेवले.

नळी चासीच्या रेलच्या आतल्या खाचेतून, ब्रेकच्या नळीपासून अंतर राखून आणि सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने नेली. प्रत्येक ४० ते ४५ सेंटिमीटरवर रबर लावलेला क्लॅम्प आहे आणि क्लॅम्पसाठी मूळ नळीची व वायरिंगची छिद्रेच वापरली. जिथे नळी आडव्या पट्टीतून आरपार जाते तिथे ग्रोमेट, म्हणजे रबरी कडे, घातले. हे काम कंटाळवाणे असते आणि घाईत ते टाळले जाते, पण मोकळी लटकणारी नळी स्टेनलेसची असली तरी घासून घासून भोक पाडून घेते.

चासी आणि इंजिन वेगवेगळे हलतात, त्यामुळे पंपाच्या अलीकडे आणि टाकीच्या तोंडाशी लवचीक होजचे आखूड तुकडे लागतातच. बाजारात 'पेट्रोल पाइप' म्हणून मिळणारी काळी होज बहुतेक वेळा साध्या नायट्राइल रबराची असते. इथेनॉलसाठी आतून फ्लोरोरबराचे, म्हणजे दुकानदार ज्याला वायटन म्हणतात त्याचे अस्तर असलेली होज हवी. तिच्यावर एसएई जे-३० आर-९ असे छापलेले असते. ही होज महाग आहे आणि शहरातल्या साध्या दुकानांत सहजी मिळत नाही, ती बाहेरून मागवावी लागली. होज चढवण्याच्या टोकांना नळीवर उंचवटा काढून घेतला, म्हणजे ती क्लॅम्पखालून सरकत नाही. हवेच्या नळीसाठीही तीच होज वापरली. टाकीच्या माथ्यावरून निघणारी ही नळी भरण्याच्या तोंडापेक्षा उंच वळसा घेऊन खाली येते आणि तिच्यात गाडी उलटल्यास बंद होणारा गोळीचा व्हॉल्व्ह आहे.

टाकी खाली गेल्यामुळे एक नवा प्रश्न उभा राहिला. केबिनमधली टाकी पंपापेक्षा उंच होती, पेट्रोल आपल्या वजनानेच पंपापर्यंत येत असे. आता पंपाला ते ओढावे लागणार होते. अनेकांनी विजेचा पंप लावण्याचा सल्ला दिला. गाडीची वीज मूळची सहा व्होल्टची आहे, त्या व्होल्टेजचा कमी दाबाचा चांगला पंप शोधणे कठीण, आणि बारा व्होल्टकडे जायचे म्हटले की दिवे, डायनॅमो, स्टार्टर असा फेरा सुरू होतो. त्याआधी गरज आहे का, ते तपासले. टाकी तळाला आली असता उंचीचा फरक सुमारे ३० सेंटिमीटर. दहात एक अशा चढावर गाडीचे तोंड वर झाल्याने साडेतीन मीटरांत आणखी ३५ सेंटिमीटर. एकूण ६५ सेंटिमीटर पेट्रोल ओढायला लागणारा जोर वातावरणाच्या दाबाच्या पाच टक्क्यांच्या आसपास येतो आणि धड अवस्थेतला यांत्रिक पंप त्याच्या कितीतरी पट ओढतो. म्हणून एसी या कंपनीचा मूळ यांत्रिक पंपच ठेवला. त्याचा पडदा, झडपा आणि काचेच्या वाटीचे गॅस्केट इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारचे घातले. व्हॅक्यूम गेज लावून पाहिले तेव्हा पंपाची ओढ समाधानकारक होती आणि इंजिन बंद केल्यावरही काही वेळ टिकून राहत होती. विजेचा पंप लागत नाही, यात मला सुरक्षेच्या दृष्टीनेही समाधान आहे. अपघातात इंजिन थांबले की यांत्रिक पंपही थांबतो.

टाकी आणि पंप यांच्यामध्ये पितळी कॉक आणि धातूच्या घरातला जाळीचा फिल्टर आहे, पंपानंतर बारीक कागदी फिल्टर. शोषणाच्या बाजूला फार बारीक फिल्टर घालू नये, तो थोडा बुजला तरी नळीतला दाब आणखी उतरतो आणि गरम दिवसात पेट्रोलची वाफ होऊन पंप हवाच ओढत बसतो.

गेजच्या बाबतीत दुकानात मिळणारे सेंडर, म्हणजे टाकीतली पातळी मीटरला कळवणारे भाग, बहुधा २४० ते ३३ किंवा १० ते १८० ओहमचे असतात. शेवरोलेच्या जुन्या मीटरला रिकाम्या टाकीला शून्य आणि भरलेल्या टाकीला ३० ओहम लागतात. दुसऱ्या मापाचा सेंडर लावला तर काटा उलटा किंवा अर्धाच फिरतो. ० ते ३० ओहमचा, पितळी फ्लोटचा सेंडर मिळवला. तो रबरी गॅस्केटवर बसतो आणि टाकीही निओप्रीनवर टांगलेली आहे, त्यामुळे त्याला चासीशी वेगळी अर्थिंगची तार दिल्याशिवाय मीटर हलत नाही. पाच-पाच लिटर ओतत काट्याची जागा वहीत टिपली. काटा शेवटच्या रेघेवर आला की टाकीत अजून सात लिटर असतात.

प्रथम थोडेच पेट्रोल घातले, कॉक उघडला आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरून पाहिला. पंपाच्या अलीकडच्या एका नटाखाली ओल दिसली. स्लीव्ह बसण्यापुरता तो आणखी थोडा आवळल्यावर ती थांबली. नंतर गाडी आधी शहरात, मग खानापूर रस्त्याला आणि शेवटी संकेश्वरच्या बाजूने वंटमुरी घाटात नेली. घाट मुद्दाम भर दुपारी आणि टाकीत कमी पेट्रोल ठेवून चढवला, कारण उष्णता, चढ आणि रिकामी टाकी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय पंपाची परीक्षा होत नव्हती. गाडी कुठे अडखळली नाही. वरच्या टोकाला इंजिन बंद करून ते तापून राहील एवढा वेळ थांबलो आणि पुन्हा सुरू केले. थोडा अधिक वेळ स्टार्टर फिरवावा लागला, त्यापलीकडे काही झाले नाही. परतताना केबिनमध्ये बसलेल्या आत्या म्हणाल्या, "पेट्रोलचा वासच येईना की रे आता, गाडी तीच न्हवं?"

कार्बोरेटर सर्वांत शेवटी हाती घेतला, कारण टाकीतला गाळ आणि नळीतली हवा यांचा संशय मिटल्याशिवाय त्याला हात लावण्यात अर्थ नव्हता. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या भागावर, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, प्लग पांढरे दिसतात आणि चढावर इंजिन अधिक तापते. या गाडीच्या रॉचेस्टर कार्बोरेटरच्या जेटवर इंचाच्या हजारांश भागात माप कोरलेले असते. मूळ जेटपेक्षा दोन पायऱ्या मोठा जेट घातल्यावर प्लगचा रंग फिकट तपकिरी आला. एका लिटरमागचे अंतर पूर्वीपेक्षा कमी झाले आहे, ते जेटमुळे कमी आणि इथेनॉलमुळे जास्त, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर मी टाकी बहुतांश भरून ठेवतो, म्हणजे वर दमट हवेला जागा कमी राहते, आणि पाऊस संपल्यावर पहिल्या फेरीआधी ड्रेन प्लगमधून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडाकडे धरून पाहतो. पाण्याचा थर दिसला तर तो थर जाईपर्यंत काढत राहतो. पंपानंतरचा कागदी फिल्टर पहिल्या हंगामात लवकर बदलला. त्यात थोडी धातूची भुकटी सापडली. ती कार्बोरेटरच्या बाजूची नव्हती, पंपाच्या जुन्या घरातली होती, म्हणून तो पंप पुन्हा उघडून आतून घासून घेतला. होजचे तुकडे वाकवून पाहणे आणि क्लॅम्प चाचपणे हे काम दर सहा महिन्यांनी तेल बदलतानाच उरकून घेतो.